ताईच्या नावाची प्रजाती

माझे भाऊजी नोकरीतून निवृत्त झाले आणि तडक शास्त्रज्ञ झाले. मधे शिकण्याबिकण्याचा एक टप्पा असतो, तो त्यांनी गाळला. जीवाश्म जमवणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं, भलंमोठं भिंग घेतलं आणि एका प्रदर्शनातून ताटाएवढा अमोनाइट उचलून आणला. अमोनाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री प्राण्याचा, दगड झालेला वेटोळ्यांचा शंख. मी संग्रहालयात याच शंखांच्या प्रजाती ओळखते, म्हणून मला बोलावणं आलं. मत द्यायला नव्हे, दाद द्यायला.

"नवीन प्रजाती आहे," भाऊजी म्हणाले. "एकाही पुस्तकात सापडली नाही." त्यांच्याकडे पुस्तकं दोन होती. "तुझ्या ताईचं नाव देणार आहे. मंडळात भाषणसुद्धा ठरलंय."

ताई इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला एकदम एवढं प्रेम फुटलं, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणार, एवढं तिला कळत होतं.

मी शंख खिडकीशी नेला. आतल्या वेटोळ्यांवर बारीक, टोकाशी दुभंगलेल्या फासळ्या, म्हणजे शंखावरचे उभे कंगोरे, होत्या. सगळ्यात बाहेरच्यावर जाड आणि एकेरी.

"भाऊजी, हे दोन वेगळे शंख आहेत. जोडलेले."

"वयानुसार फासळ्या बदलतात. वाचलंय मी."

"बदलतात, पण हळूहळू. इथे बोटभर अंतरात बदलल्यात. आणि शंखाच्या पोटातल्या कप्प्यांच्या भिंती जिथे कवचाला टेकतात, तिथल्या या रेषा बघा. आत पानासारख्या कातरलेल्या, बाहेर साध्या नागमोडी. एकाच प्राण्याला अशा दोन तऱ्हेच्या रेषा नसतात."

"अपवाद असेल."

"म्हणून तर नवीन प्रजाती," ताई इस्त्री फिरवत म्हणाली.

भिंगातून पाहिलं तर सांध्यात गोल बुडबुडे होते, राळ ओतल्यावर राहतात तसे. मी ताईची नेलपॉलिश काढायची बाटली मागितली, कापसाचा बोळा भिजवून सांध्यावर फिरवला. सगळा प्राचीन तपकिरी रंग बोळ्यावर उतरला.

भाऊजी खुर्चीत बसले. चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

"आतला भाग अस्सल आहे," मी म्हटलं. "नेहमीचीच प्रजाती. आमच्याकडे खणच्या खण भरलेत."

"म्हणजे आतून मी चारचौघींसारखी आणि बाहेरून डागडुजी," ताई म्हणाली. मग इस्त्री बंद करून तिने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "भाषण रद्द करा."

भाऊजींनी रद्द केलं नाही, विषय बदलला. 'जोडकाम कसं ओळखावं' यावर ते तासभर बोलले. बुडबुडे त्यांनी पाहिले होते, रेषा त्यांनी ताडल्या होत्या, आणि बोळ्याची युक्ती तर त्यांना अगदी पहिल्या दिवशी सुचली होती. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यांनी 'घरच्यांच्या सहकार्याचे' आभार मानले.

आता ते सभासदांच्या घरी जाऊन त्यांचे शंख तपासून देतात, न बोलावता. मंडळात त्यांचा दबदबा एवढा वाढलाय की ते येताना दिसले की लोक कपाटांना कुलपं लावतात. ताई म्हणते, संध्याकाळी घर कसं शांत असतं.