तीस किलोमीटरवर वारा उलटा फिरला

मी चहाच्या मगाएवढी एक पांढरी डबी बोलतेय! हवामान केंद्राच्या फुग्याला लटकून वर जायचं आणि गारठा, वारा मोजून खाली कळवत राहायचं, हे माझं काम. आम्ही बहुतेक जणी एकदाच उडतो, त्यामुळे मी जाम खूश होते.

फुगा भरणारी ताई रबर मऊ व्हावं म्हणून तो आधी हीटरशेजारी शेकवत होती. "लाड केले की उंच जातो," म्हणत होती. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाचा फोन.

"ताई, ऊन मस्त पडलंय. हजार रोपं शेडमधून बाहेर काढू ना?"

"घाई करू नकोस रे, संध्याकाळी सांगते."

आणि मी उडाले! वीस किलोमीटरवर उणे सत्तर अंश. दात असते तर वाजले असते. पण पंचविसाच्या वर, अहो, चक्क गारठा कमी व्हायला लागला! उणे दहा! हिवाळाभर पश्चिमेकडून सुसाट येणारा वारासुद्धा मला उलट दिशेला ढकलत होता. तीसवर फुगा फाटला. पॅराशूटने मी एका शाळेच्या छपरावर आदळले.

मला शोधत आलेली ताई वैतागली होती. "केंद्रातले साहेब म्हणतात डबी बिघडली. आकडेच खोडले! दुसरा फुगा सोडला, पण शेकवायला कुणाला वेळ? वीसवरच फुटला."

म्हणजे साक्षीदार मी एकटीच!

केंद्रात तिने मला चाचणीच्या थंड कपाटात कोंबलं, शेजारी खात्रीचा थर्मामीटर. साहेब हाताची घडी घालून उभे. उणे सत्तर, उणे चाळीस, उणे दहा. दोघांचे आकडे तंतोतंत!

"अरेच्चा! डबी ठणठणीत आहे! म्हणजे वरचा वाराही खरंच उलटलाय?"

"हो सर. असं झालं की दोन-तीन आठवड्यांत कधीकधी खाली थंडीचा कडाका पडतो. नेहमी नाही. पण इशारा देऊया ना?"

साहेबांनी खोडलेले आकडे स्वतः परत भरले. ताईने भावाला फोन लावला.

"रोपं आतच ठेव."

"अगं, इथे घाम फुटलाय!"

"मग तीन आठवडे माझ्यावर चिडून बस."

तो बसलाही. अठराव्या दिवशी नळातलं पाणी गोठलं. रोपं आत टुणटुणीत!

आता मी ताईच्या टेबलावर असते. वरची ती उलथापालथ खाली यायला इतके दिवस का घेते, याचं मला अजून नवल वाटतं. उद्या सकाळी माझी बहीण उडणार आहे. तिने काही भलतंच सांगितलं, तर खोडण्याआधी एकदा तपासा. खोटी निघाली, तर खुशाल कचऱ्यात टाका!