नाव ओटिसचे, कान लायलचे

"कडेने धर. चेहऱ्यावर बोट ठेवू नकोस."

मित्रांनो, लेलंडचे हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की ते माझ्यावर छापल्यासारखेच झाले आहेत. मी एक जुने बेसबॉलचे कार्ड आहे. आकाराने तळहातापेक्षा लहान, तीन कोपरे झिजलेले, चौथा मोडलेला. माझ्यावर टोपी घातलेल्या एका खेळाडूचा फोटो आहे. टोपीखालून त्याचे दोन्ही कान चांगलेच बाहेर आले आहेत. खाली नाव आहे ओटिस ब्रँडवेल. आता खरे सांगायचे तर मी थकले आहे. नाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा, असा दोन माणसांचा भार मी साठ वर्षांहून अधिक काळ वाहते आहे.

माझा जन्म छापखान्यातला. मोठ्या कागदावरून मला कापले आणि च्युइंगमच्या तुकड्यासोबत मेणकागदात गुंडाळले. त्या गमचा डाग माझ्या पाठीवर अजून आहे. मार्लिस नावाच्या मुलीने विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानात ते पाकीट फोडले, मला पाहिले आणि म्हणाली, "हा कोण कानवाला?"

दोष तिचा नव्हता. ओटिस मोठ्या संघाकडून चारच सामने खेळला होता. नामांकित खेळाडू तिने बिस्किटांच्या डब्यात जपले आणि मला कपड्याच्या चिमट्याने सायकलच्या चाकाजवळच्या दांडीला लावले. चाक फिरले की आरे माझ्यावर आपटत आणि फटफटीसारखा आवाज येई. माझा चौथा कोपरा तेव्हाच गेला.

पुढे चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मी लेलंड थिरीच्या हाती लागले. तो चीजच्या कारखान्यात कामाला होता. त्याला फक्त आमच्यासारखीच कार्डे हवी असत, कुणाला नाव न आठवणाऱ्या खेळाडूंची. "मोठ्यांना सगळं जग सांभाळतं," तो म्हणे. आम्हाला हात लावण्यापूर्वी सोवळ्यात असल्यासारखा हात धुऊन कोरडे करी. कार्डे ठेवायच्या वहीच्या एका पानात नऊ पारदर्शक कप्पे असत. मधल्या कप्प्यात त्याने मला ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी किंमत केली होती.

कार्डावर सही मिळावी म्हणून त्या खेळाडूला पत्र आणि कार्ड पाठवायचे, सोबत आपला पत्ता लिहिलेले पाकीट ठेवायचे, अशी या छंदातली रीत. लेलंडने मला ओटिसकडे पाठवले. महिन्याने मी परत आले, पण सही घेऊन नाही. ओटिसने माझ्या पाठीवर शाईने लिहिले होते, "हा मी नाही. हा लायल हर्बिक."

सोबत चिठ्ठी होती. फोटो काढणारा आला त्या दिवशी ओटिस दात काढायला गेला होता. त्याच्या जागी संघातला त्याचा खोलीतला सोबती लायल उभा राहिला आणि नावांची गल्लत झाली. पुढे लायलचा खांदा निकामी झाला. मोठ्या मैदानावर तो कधी उतरलाच नाही, म्हणून त्याचे कार्डही निघाले नाही. चाळिशीच्या आत तो गेला. "त्याची बहीण आर्डेल गावातच असते. तिच्याकडे त्याचा खेळाडूच्या टोपीतला एकही फोटो नाही. हे तिला पोचवशील?"

लेलंडने लगेच उत्तर लिहिले, "मी स्वतः नेऊन देईन."

गाव दोन तासांवर होते. त्या वचनाला तेवीस वर्षे झाली.

मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. पण ती शाईची ओळ आल्यापासून माझ्यासारखे कार्ड जगात दुसरे उरले नव्हते. त्याची बायको वर्ना रोज सकाळी चर्चला जाऊन आल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. परतल्यावर कॉफी ओतताना हळूच विचारी, "त्या बाईकडे कधी जायचं?"

"या उन्हाळ्यात."

"मागच्या वर्षीही हाच उन्हाळा होता."

"अगं, जाईन ना."

"त्या कप्प्यात दुसरं घाल, लेलंड. मिळतं की."

"दुसरं मिळेल. हे नाही मिळणार."

 तिच्या संध्याकाळच्या जपात मात्र तेवीस वर्षे एक नाव जास्तीचे असे, आर्डेलचे.

या थंडीत लेलंड आजारी पडला. शेवटच्या दिवसांत त्याने वही पलंगावर मागवली. माझे पान उघडले.

"मी गेलोच नाही गं," तो म्हणाला.

"मी जाईन," वर्ना म्हणाली.

"कडेने धर."



तो गेल्यावर वर्नाने त्याच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली. मधल्या रविवारी त्याचा मित्र रोलंड आला. संग्राहकांच्या मंडळासाठी त्याला वह्या हव्या होत्या.

"वह्या ने," वर्ना म्हणाली. "हे एवढं राहू दे."

"अगं, मधलंच काढलंस तर पान दात पडल्यासारखं दिसेल."

"माझेही दोन पडलेत, रोलंड. जेवते मी."

नवव्या दिवशी तिने ओटिसच्या चिठ्ठीतल्या नंबरावर आर्डेलला फोन लावला. आर्डेल हयात आहे की नाही, हेच तिला ठाऊक नव्हते. बराच वेळ घंटा वाजली. मग एक बारीक आवाज आला. वर्नाने सगळे सांगितले, उशिराबद्दल क्षमा मागितली. आर्डेलने आधी विचारले,

"टोपी घातलीय त्यानं?"

"हो."

"कान बाहेर आलेत का बघा."

वर्नाने चष्मा लावून मला खिडकीशी धरले. "आलेत. दोन्ही."

"मग तोच," आर्डेल म्हणाली. "या तुम्ही. मी घरीच असते. या गुडघ्यांनी जाणार कुठे?"

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. ओल्या हाताने धरू नका, उन्हात ठेवू नका. पण तुमच्या कपाटात दुसऱ्या कुणाच्या घरचे माणूस जपून ठेवलेले असेल, तर ते वेळेत पोचवा. मला लेलंडने फार जपले. आर्डेल तेवढाच काळ त्याच्या फोटोवाचून राहिली.

आज सकाळी वर्ना चर्चहून आली. नेहमीची कॉफी केली नाही. हात धुऊन पुसले, मला कप्प्यातून काढले, कडेने धरून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. पुस्तक पिशवीत, पिशवी शेजारच्या सीटवर. मग डोक्याचा रुमाल नीट बांधून तिने गाडी सावकाश रस्त्यावर घेतली.