दुसरी सही

फिटरच्या हातून नट ढिला राहील असं कोणी म्हटलं असतं, तर विमानं उडवायच्या त्या मैदानावर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं. फिटरने चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जोडली आणि निवृत्त झाल्यावर थोरल्या भावाबरोबर शेडमध्ये सात वर्षं खपून दोन माणसांचं विमान उभं केलं. पंख थोरल्याचे, इंजिन धाकट्याचं आणि भांडणं दोघांची मिळून. शेजाऱ्यांनी आधी यथेच्छ टिंगल केली. विमान उडालं तेव्हा तेच शेजारी पोरांना खांद्यावर घेऊन बघायला आले.

थोरला तसा खुशालचेंडू, पण एका बाबतीत हट्टी होता. ज्याने नट आवळला, त्याने त्यावर लाल रेघ मारायची नाही. ती दुसऱ्याने मारायची. दुसऱ्याने टॉर्कचा पाना लावायचा, ठरलेल्या जोराला तो ‘कट्’ वाजला की मगच नटापासून सांगाड्यापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची आणि वहीत दुसरी सही करायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि चटकन दिसतं. “माझा तुझ्यावर विश्वास आहे रे,” थोरला म्हणायचा, “पण तुझ्या हातांना अधूनमधून डुलकी लागते.”

दोन वर्षांपूर्वी थोरला गेला. विमानातून पडून नाही, अंथरुणात, साध्या तापाचं निमित्त होऊन. मागे राहिल्या वहिनी आणि त्यांची मुलगी. ती सव्वीस वर्षांची झाली तरी घरात बारकीच. आता विमान तीच उडवायची. दुसऱ्या सहीसाठी बाहेरचा माणूस बघा, असं मैदानावरच्या दोघा-तिघांनी सुचवलं. फिटरने ऐकल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. भाऊ उभा राहायचा त्या जागी कोणी परका वाकून उभा राहणार, हे त्याला सोसवत नव्हतं.

त्याने आपल्यापुरती एक रीत पाडली. नट आवळून झाले की हात धुवायचे, बाहेर बाकावर बसायचं, वहिनींनी आणून दिलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा, मग भावाचा चष्मा लावून दुसरा माणूस म्हणून आत यायचं. चष्म्याचा नंबर जुळत नव्हता, सगळं धूसर दिसायचं, पण ‘कट्’ ऐकायला चष्मा लागतो कुठे? मग रेघ ओढायची आणि वहीत भावाची सही करायची. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावरची वडिलांची सही दोघं एकमेकांना करून द्यायचे. हात तेव्हापासूनच बसलेला होता.

यंदा वर्षाच्या तपासणीसाठी इंजिन पुरतं खाली उतरवलं होतं. काल दुपारी ते पुन्हा आपल्या चार बोल्टांवर चढलं आणि आज सकाळी बारकी विमान घेऊन मैदानाच्या टोकाला गेली. इंजिन तापवत ती थांबली होती. शेडच्या दारात उभा राहून फिटर आवाज ऐकत होता. आवाज ठणठणीत होता.

आत वहिनी कपबश्या गोळा करत होत्या. खिडकीपाशी त्या थबकल्या.

“भावोजी, कालचा चहा घेतलाच नाहीत?”

कप काठोकाठ भरलेला होता. वर साय धरली होती आणि तिच्यात मुंगी अडकली होती.

चहा प्यायला नाही म्हणजे फिटर बाहेर गेलाच नव्हता. त्याने आठवून पाहिलं. तिसरा नट आवळताना बारकीचा फोन आला होता. काका, उद्या हवा छान आहे, असं ती सांगत होती. फोन ठेवला आणि हात रंगाच्या बाटलीकडे गेला. चारही रेघा ओढलेल्या आठवत होत्या. वहीतली सहीही आठवत होती. ‘कट्’ मात्र एकदाही आठवेना.

खोटं कशाला बोला, क्षणभर त्याने ते तसंच सोडून द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षांचा हात आहे, आवळलेलंच असणार. आता थांबवलं तर सगळं मैदान बघणार, का थांबवलं ते विचारणार आणि वही उघडावी लागणार.

मग तो धावत सुटला. त्या वयात त्याला तसं धावताना कोणी पाहिलं नव्हतं. पंख्यापासून लांब, बारकीला दिसेल अशा बाजूने जाऊन त्याने दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. बारकीने इंजिन बंद केलं.

“काय झालं, काका?”

“खाली उतर. मी तपासलेलं नाही.”

मागोमाग आलेल्या वहिनींकडून त्याने शेडमधला टॉर्कचा पाना मागवला. फिटरने झाकण काढलं. पहिला नट, कट्. दुसरा, कट्. तिसऱ्याला पाना लावला आणि तो सहज फिरला. लाल रेघ मधोमध तुटली. जवळजवळ अर्धा वेढा गेल्यावर पाना वाजला.

फिटर खाली गवतात बसला.

“दुसरं कोणी बघत नव्हतं?” वहिनींनी विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. चहा, चष्मा, सही. बारकी खाली बघत होती.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “वही मी कधीच पाहिली होती. बाबांची सही बघून वाटलं, काकांना बरं वाटत असेल तर राहू दे. मलाही बरं वाटायचं.”

वहिनींनी तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी हात पुढे केला. फिटरने पाना देऊ केला.

“तो नंतर. आधी चष्मा द्या.”

त्याने खिशातून काढून दिला. वहिनींनी काड्या मिटून तो पदराने पुसला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला.

“आता दाखवा, पाना कसा धरायचा ते.”

“वहिनी, तुम्ही कशाला...”

“वाजलं की नाही एवढं मला कळतं. उरलेलं शिकवा.”

चौथा नट त्यांनी स्वतः पाहिला आणि आधीचे तीनही पुन्हा पाहिले. चारदा कट् झालं. फिटरला वाटलं, झालं. बारकीही उठली.

“आज नाही,” वहिनी म्हणाल्या. “दोन वर्षांत जिथे जिथे ह्यांची सही आहे, ते सगळं मला बघायचंय. ते असते तर त्यांनी हेच केलं असतं.”

विमान ढकलत तिघं शेडमध्ये परतली. वहिनींनी वही मांडीवर घेतली आणि मागची पानं उलटत नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या नोंदीपाशी थांबल्या. तेलाच्या नळीचा जोड. फिटरने तो दाखवला, त्यांनी पाना लावला आणि वाजेपर्यंत धरला. मग पेन काढून नवऱ्याच्या सहीवर एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी सावकाश आपलं नाव लिहिलं.