चिंच रिदिमची रिकामी जागा

हाफ-वे-ट्री ते पापीन टॅक्सी मारतो मी, आणि सध्या अख्ख्या किंग्स्टनला एकच वेड लागलंय: चिंच रिदिम. चाल एकच, गाणारे बारा. सुरुवात सगळ्यांची सारखी. आवाज फुटेपर्यंत गाणं कोणाचं ते कळत नाही. माझा जीव तिथेच टांगणीला लागतो, कारण त्या चालीवर माझी लेक जोडीयानही गायली होती.

मार्चमध्ये तापाने गेली पोर. त्याआधी लॅसेल्सच्या स्टुडिओत तिने गाणं रेकॉर्ड केलं होतं, मधे थोडी जागा मोकळी सोडून. "इथे तुमच्या टॅक्सीचा हॉर्न घेणार, पप्पा," म्हणाली. रोज सकाळी मी टॅक्सीत ताटकळत बसायचो आणि ही आरशासमोरून ओरडायची ना, "हॉर्न मारा, मी आलेच!" त्याचंच गाणं केलं होतं बयेने. घरात इतकं घोकलं की मलाही पाठ झालं.

अल्बम आला, तर तिचं नावच नाही. तडक लॅसेल्सकडे गेलो.

"अंकल, एक मोठा गायक अचानक आला. घाईत तिच्याच ट्रॅकवर त्याचा आवाज घेतला मी. दुसरी कॉपी नाही हो."

"फळ्यावरचा खडू होता का रे तो, पुसायला? मेल्या, तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही!"

तो रडायला लागला. आता त्याच्या रडण्याचं मी काय लोणचं घालू?

तरी तो अल्बम लावावा लागतो, गिऱ्हाइकं ऐकत नाहीत. दरवेळी चाल सुरू झाली की वाटतं, आता गाईल. आणि दुसराच कोणीतरी बोंबलतो. फार तुटतं हो आतून.

काल बारा गाणी संपली आणि शेवटची नुसती चाल लागली, बिनआवाजाची. प्रत्येक रिदिमच्या शेवटी असते तशी. मागे मिस पर्लीन बसली होती, मांडीवर बाजारातली केळी. ती खेकसली, "गाणारा मेला की काय? बदला ते!"

"राहू दे, मिस पर्लीन. एवढं होऊ दे."

मनातल्या मनात जोडीयानचे शब्द म्हणत गेलो. ती मोकळी जागा आली. मी हॉर्न मारला. थांबलो, मग पुन्हा मारला.

"अहो, समोर रस्ता मोकळा पडलाय! कोणाला बोलावताय?"

"पोरीला," मी म्हणालो. "रोजच उशीर करते हो."