पिकोलितचा शेजार

मित्रांनो, माझा घोस तुमच्या हातात दिला तर तुम्ही आधी हसाल. चांगल्या वर्षीसुद्धा त्यावर पंधरा-वीस मणी, बाकी नुसत्या हिरव्या काड्या. पण त्यातला एक मणी तोंडात टाकलात की तुमचं हसू थांबेल, एवढी खात्री मला या वयातही आहे. मी पिकोलित जातीची द्राक्षवेल. इटलीतल्या फ्रिउली भागाच्या टेकड्यांमध्ये मारानुतांची जी बाग आहे, तिच्या अगदी खालच्या ओळीत, अंगणातून तीन दगडी पायऱ्या चढल्या की पहिली दिसते ती मी. या बागेत माझ्याएवढी म्हातारी दुसरी कुणी नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. त्या वर्षी गुएरिनो मारानुत बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीतून घरी परतला होता. खोकल्यातून अजून काळं पडत होतं, पण खाणीत मिळवलेलं सगळं देऊन त्याने ही पडीक टेकडी विकत घेतली. शेजारचा अल्सीदे बघायला आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "कोळशाच्या खाणीतनं सुटलास आणि दगडाच्या खाणीत येऊन पडलास की रे."

"इथे निदान वर बघितलं की आभाळ दिसतं," गुएरिनो म्हणाला.

फेब्रुवारीच्या थंडीत चुलीपाशी बसून त्याने कलमं बांधली. खालचं मूळ दुसऱ्या रानटी वेलीचं, वरचा डोळा पिकोलितचा. त्याची बायको ओनोरिना दोन्ही काड्या जुळवून धरायची आणि तो ओल्या सालीने घट्ट बांधायचा. तिची बोटं गारठली की तो त्यांच्यावर फुंकर मारायचा आणि ती म्हणायची, "काडीकडे बघ, माझ्याकडे नको." त्या कलमांतलं पहिलं कलम मी. वसंतात टेकडीवर दगडी बांध घालून त्याने आम्हांला ओळीने लावलं. पिकोलितच्या दोन ओळी, मग साध्या वेरदुत्सोची एक ओळ, पुन्हा दोन ओळी आमच्या. वेरदुत्सो म्हणजे आमच्या भागातलं घरोघरचं द्राक्ष. त्याची वाइन लोक रोजच्या जेवणाबरोबर पितात आणि तिचं कुणाला कौतुक नसतं.

"एवढी चांगली जमीन, आणि मधे हे कशाला घुसडलंस?" एकदा जेवताना अल्सीदेने विचारलं.

"पिकोलितला शेजार लागतो," गुएरिनो म्हणाला. "एकटी ठेवली की रुसते."

सगळे हसले. गुएरिनोचा मुलगा दोरिनो तेव्हा लहान होता, तोही हसला. गुएरिनोने पुढे काही सांगितलं नाही. त्याच्या बापाने, आज्याने असंच लावलं होतं, म्हणून त्यानेही लावलं. कारण त्याला ठाऊक होतं, पण आमच्याकडच्या माणसांना कारणं सांगत बसायची सवय नाही. हात चालत असले की त्यांना वाटतं, बघणाऱ्याला सगळं कळलं.

मित्रांनो, तो विनोद नव्हता. माझी फुलं दिसायला इतर वेलींसारखीच असतात, वासही तसाच मंद येतो, पण त्यांतले परागकण पोकळ. त्यांनी फळ धरत नाही. जूनमध्ये जवळच्या ओळीत वेरदुत्सो फुलायचा, वारा त्याचे परागकण माझ्याकडे आणायचा, आणि तेव्हा कुठे माझे चार मणी भरायचे. मी कितीही नावाजलेली असले तरी त्या साध्या वेलीवाचून वांझ आहे. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ती वर्षं माझ्या सुखाची होती. ऑक्टोबरच्या अखेरीस, बाकीच्या बागा रिकाम्या झाल्यावर, आमची तोडणी व्हायची. ओनोरिना माझे घोस माळ्यावर वेताच्या तट्ट्यांवर पसरायची आणि नाताळ उलटून जाईपर्यंत ते सुकत राहायचे. मग त्यांतून सोन्याच्या रंगाची गोड वाइन निघायची, एक लहानसं पिंप भरेल इतकीच. ती बाटली बाप्तिस्म्याला उघडायची, लग्नाला उघडायची आणि कुणी परदेशी मजुरीला निघालं की उघडायची. एकदा उदिने शहरातून आलेल्या एका वकिलाने घोट घेतला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. गुएरिनो त्या दिवशी दिवे लागेपर्यंत माझ्या बुंध्याशी काहीतरी काम असल्यासारखा रेंगाळत होता.

अशी बावीस वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात छाटणी करताना त्याच्या हातातली कात्री खाली पडली आणि तो तिच्यामागोमाग कोसळला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. एकच शब्द तोंडात उरला, तो म्हणजे पोलेंता. पोलेंता म्हणजे आमची रोजची मक्याच्या पिठाची उकड. त्याला पाणी हवं असलं तरी तो पोलेंता म्हणायचा, ऊन लागलं तरी पोलेंता, रडू आलं तरी पोलेंता. डॉक्टर म्हणाले, मनात सगळं जागेवर आहे, वाट तेवढी बंद झाली आहे. पहिले काही दिवस ओनोरिना त्याच्या डोळ्यांत बघून ओळखायचा प्रयत्न करायची. पुढे घरची कामं वाढली, आणि तो बोलला की ती सवयीने बशी आणून ठेवू लागली.

दोरिनो तेव्हा मान्त्सानोला खुर्च्यांच्या कारखान्यात होता. नोकरी सोडून तो बायकोला, निवेसला, घेऊन घरी आला. तो वाईट माणूस होता असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याने नवे खांब रोवले, नव्या तारा ओढल्या, मला पोटभर खत घातलं. खुर्च्या करता करता त्याचा हात नीटनेटका झाला होता, आणि आमच्या बागेतली सरमिसळ त्याच्या डोळ्यांना खुपायची. त्यातच पिकोलितला चांगले दिवस आले. मिलानहून मोटारी यायच्या आणि माणसं काच खाली करून आधी माझंच नाव घ्यायची.

"तिसरा हिस्सा टेकडी या फुकट्या वेरदुत्सोने अडवली आहे," दोरिनो एका सकाळी म्हणाला. "सगळं काढतो आणि पिकोलितच लावतो. एक जात, एक बाग."

"बाबांना विचारलंस का?" निवेस म्हणाली.

"बाबा काय सांगणार आहेत?"

नोव्हेंबरात ट्रॅक्टर आला. साखळी बुंध्याला बांधायची आणि ओढायचं. मुळं तुटताना जमिनीतून जो आवाज येतो तो तुम्ही कधी ऐकला नसेल. मी तो सबंध दिवस ऐकला. गुएरिनो अंगणात खुर्चीवर होता. त्याने काठी दगडावर आपटायला सुरुवात केली. "पोलेंता," तो ओरडला. "पोलेंता, पोलेंता."

"अजून अकरासुद्धा वाजले नाहीत, बाबा," दोरिनो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, आणि मदतीला आलेले लोक हसले.

ओनोरिना लगबगीने बशी घेऊन आली. गुएरिनोने ती हाताने उडवली. उकड दगडांवर सांडली आणि कोंबड्या धावत आल्या. "किती हट्टी झालायस रे तू," ती म्हणाली आणि एप्रनच्या टोकाने त्याचं तोंड पुसू लागली. तो माझ्याकडे बघत होता. मला सगळं माहीत होतं आणि त्यालाही, पण त्या अंगणात सांगू शकेल असं आमच्या दोघांत कुणी नव्हतं. त्या दिवसाइतकी मी कधी हतबल झाले नाही.

सगळा वेरदुत्सो गेला. फक्त कोंबड्यांच्या खुराड्यावर मांडव म्हणून चढवलेली एक वेल राहिली, कारण ओनोरिना म्हणाली, "तिला हात लावू नकोस, कोंबड्यांवर ऊन येईल." पण खुराडं घराच्या मागल्या अंगाला, भिंतीच्या आडोशाला. तिथला वारा माझ्यापर्यंत पोचत नाही.

रिकाम्या जागी दोरिनोने माझ्याच काड्यांची कलमं लावली. आता माझ्या आजूबाजूला माझंच रक्त होतं, आणि तरी इतकं एकाकी मला कधी वाटलं नव्हतं. जून आला, मी फुलले. टेकडीभर वास सुटला. मी वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला तो रिकाम्या हाताने आला. माझ्या काड्यांवर मोहरीएवढे हिरवे कण धरले आणि तसेच वाळून गळाले. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी माझ्या मुली पहिल्यांदा फुलल्या, सगळी टेकडी एकदम फुलली, आणि एकीलाही फळ धरलं नाही. आम्ही शेकड्यांनी होतो, एकमेकींना बघत होतो आणि एकमेकींच्या काही उपयोगाच्या नव्हतो. खत मिळत होतं, औषध मिळत होतं. पक्ष्यांनीही आमच्याकडे यायचं सोडलं.

अल्सीदे कुंपणाशी येऊन म्हणाला, "बाग छान दिसते हो दोरिनो. फोटो काढायला बरी आहे."

त्या रात्री दोरिनो जेवला नाही, असं निवेस दुसऱ्या दिवशी सासूला सांगत होती. दोरिनोने खत बदललं होतं, दोनदा माती तपासायला पाठवली होती. शेवटी तो माझ्या बुंध्यावर हात ठेवून निवेसला म्हणाला, "जात संपली आहे ही. आणखी एक तोडणी बघतो. नाही झाली तर पुढच्या सान मार्तिनोला सगळं उपटून टाकायचं आणि मी कारखान्यात परत जायचं."

"आणि टेकडी?"

"टेकडी अल्सीदे घेईल. तो वाटच बघतोय."

सान मार्तिनो म्हणजे अकरा नोव्हेंबर. आमच्याकडे जुने करार त्या दिवशी संपतात, कुळं घर सोडतात ती त्याच दिवशी. गुएरिनो खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता. या वेळी तो पोलेंतासुद्धा म्हणाला नाही.

पुढच्या जूनमध्ये मी नेहमीप्रमाणे फुलले. एका सकाळी काठीचा आवाज आला. गुएरिनो खुराड्याकडून येत होता, उजवा पाय ओढत. काठी डाव्या हातात होती आणि वेरदुत्सोची एक फुललेली फांदी दातांत धरलेली होती. तीन पायऱ्या चढायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. दोनदा तो बसला. वर आल्यावर त्याने काठी माझ्या खांबाला टेकवली, स्वतः खांबाला खांदा लावला, फांदी डाव्या हातात घेतली आणि माझ्या फुलांवर हलकेच झटकली. चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्या अंगावर ती पिवळी धूळ पडली. मग ती फांदी त्याने तारेत खोचून ठेवली आणि आला तसा खाली गेला.

तो आठ दिवस येत राहिला. घरातले सगळे वरच्या ओळींत कामाला असायचे. एकदा ओनोरिनाने त्याला खुराड्यापाशी पाहिलं आणि हाक मारली, "कोंबड्यांना मी घातलंय दाणे, तू कशाला तडफडतोस?" त्याने मान हलवली. ती गेल्यावर त्याने फांदी तोडली.

ऑगस्टमध्ये, खुर्चीतच, तो गेला. माझे मणी तेव्हा हिरवे होते, पानांआड होते. त्याने ते पाहिले की नाही मला ठाऊक नाही. हे एक दुःख माझ्या खोडात कायमचं राहून गेलं आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस दोरिनो टोपली न घेताच आला. ट्रॅक्टर कुठून वर न्यायचा ते बघायला आला होता. माझ्यापाशी थांबला, पानं बाजूला केली आणि तसाच उभा राहिला. माझ्या पायरीकडच्या हातावर, म्हणजे तारेवर पसरलेल्या फांदीवर, सहा घोस होते, त्याच्या लहानपणी असायचे तसे, पिवळे, भरलेले. आणि दुसऱ्या हातावर, खांबाच्या पलीकडे, एकही नव्हता.

"आई," त्याने हाक मारली. "जरा इकडे ये."

ओनोरिना आली. त्याने तारेत खोचलेल्या वाळक्या काड्या काढून तिच्या हातात दिल्या. "ही पानं कशाची?"

तिने चुरून बघितली. "खुराड्यावरच्या वेलीची. इथे कुणी आणली?"

दोरिनो खांबाला खांदा लावून उभा राहिला. डावा हात लांब केला. जिथवर त्याची बोटं पोचली तिथवर घोस होते, आणि तिथून पुढे रिकाम्या काड्या होत्या. मग तो खाली बसला. ओनोरिना त्याच्या शेजारी मातीत बसली. हातातल्या वाळक्या काड्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "तो रोज सकाळी जायचा रे. मला वाटायचं, कोंबड्यांना बघायला जातो."

ट्रॅक्टर वर आला नाही. दर दोन ओळींमागे पुन्हा वेरदुत्सो लागला. तो फुलायला लागेपर्यंत तीन वर्षं दोरिनो आणि निवेस शिडी लावून खुराड्यावरच्या फांद्या तोडायचे आणि ओळीओळीने आमच्यावर झटकायचे. आज या बागेचं नाव दूरवर आहे. येणारी माणसं माझ्याबरोबर फोटो काढतात, माझ्या मण्यांचं कौतुक करतात. पाटीवर लिहिलं आहे की ही वेल गुएरिनो मारानुत यांनी लावली. ते खरं आहे, पण त्या आठ सकाळी पाटीवर नाहीत.

मित्रांनो, वेलींची निगा राखायला माणसं लवकर शिकतात. पाणी, खत, छाटणी, सगळं शिकवता येतं. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी असं असेल, ज्याला बोलता येत नाही किंवा ज्याचं बोलणं आता कुणी मनावर घेत नाही, तर कामं टाकून थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याला काय म्हणायचं आहे ते कदाचित कळणार नाही, पण तो काय करतो आहे ते तरी दिसेल.