धनुबाईच्या तेलाची वाटी

मित्रांनो, या फडताळात मेथीचे दाणे भरून ठेवलेली, काठाचा टवका उडालेली एक काळपट वाटी तुम्हाला दिसते ना, ती मी. काशाची आहे. मेथी सांभाळण्याचं काम काही वाईट नाही, पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नंदुरबारच्या एका कासाराने मला घडवलं, त्याला आता पस्तीस-चाळीस वर्षं झाली असतील. म्हसावदच्या बाजारात दगूबाईने मला टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि लगेच उचललं. घरी येताना मी बैलगाडीतून खाली पडले आणि माझा टवका उडाला. तेव्हा दगूबाईने गाडीवानाला असं फैलावर घेतलं, की मी माझं दुखणंच विसरून गेले!

दगूबाई मोठी शिस्तीची बाई होती. दुपारची जेवणं उरकली की ती माझ्यात तिळाचं तेल घ्यायची आणि मला चुलीच्या वैलावर कोमट करायची. मग दोन थेंब हातांना, दोन कोपरांना, एक बोट चेहऱ्याला. माझ्या बुडाने ती फक्त तळपाय चोळायची. चेहऱ्याला आणि हातांना मात्र मला कधी लावलं नाही. तिथे नुसता तळवा, तोही अगदी हलका. साठी उलटली तरी तिचे हात मऊ होते.

धनुबाई तिची सून. लग्न होऊन आली तेव्हा चिमुरडीच होती. पण तिच्या हाताला काय गुण होता, कोण जाणे! रडणारं तान्हं बाळ तिने मांडीवर घेतलं आणि तेलाचा हात फिरवला, की ते हुंदका गिळून झोपी जायचं. बघता बघता गावात कुणाकडे बाळंतपण झालं की निरोप यायचा, "धनुबाईले बलावा. तिन्हा हात मऊ शेतस." मी तिच्याबरोबर घरोघर फिरले. लोक तिचं कौतुक करायचे आणि मला वाटायचं, माझंच चाललं आहे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा चांगलीच फुगले होते.

पण मित्रांनो, बाळाला न्हाऊ घालून झालं की धनुबाईला कापूस वेचायला शेतात पळावं लागे. तेलकट हात कापसाला लागले तर पांढऱ्याशुभ्र कापसावर डाग पडतो आणि घरचे बोलतात. म्हणून ती चुलीतली राख घ्यायची आणि हात खसाखसा घासायची, तेलाचा अंशही उरू नये म्हणून. वर दिवसभर कापसाच्या बोंडांची वाळकी टोकं बोटांना टोचायची. सकाळी दुसऱ्याच्या बाळाला तेल, आणि स्वतःच्या हातांना राख. असं वर्षानुवर्षं चाललं.

तिशी ओलांडली तेव्हा एके दुपारी दगूबाईने सुनेचा हात हातात घेतला आणि मागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी लगेच सपाट झाली नाही. जराशी तशीच उभी राहिली.

"धनु, तुन्हं कातडं ढिलं पडी ऱ्हायनं," दगूबाई म्हणाली. "शेतमाईन उनी का रोज दोन थेंब लाव. घसू नको, नुसता हात फिराव."

"दिवाईले लावसू ना. आते काम शे," धनुबाईने हसून दिवाळीवर ढकललं.

तरी सासूच्या शब्दाखातर तिने चार दिवस शेतातून आल्यावर तेल लावलं. पाचव्या दिवशी शेजारची कौसाबाई आली. धनुबाई चेहऱ्याला तेलाचं बोट लावत होती. कौसाबाईने कमरेवर हात ठेवले.

"काय वं धनुबाई, पोरगीनं लगीन करवाना दिन उनात, नि तू नवरी बनी ऱ्हायनी का?"

झालं! धनुबाई लाजेने अर्धी झाली. तिची मुलगी कोकिळा तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. पोर लग्नाला येऊ लागली की आईने तेलपाणी करणं म्हणजे नखरे, असं आमच्याकडे बायकाच बायकांना ऐकवतात. धनुबाईने मला फडताळात सारलं ते सारलंच. पुढे कळलं, कौसाबाई स्वतः रोज दार लावून हातांना तेल चोळत असे! मला तोंड असतं तर कळलं त्याच दिवशी मी तिचं बिंग फोडलं असतं.

दोन वर्षांनी दगूबाई गेली. सांगणारं कुणी राहिलं नाही. धनुबाईचे हात आधी खरखरीत झाले, मग त्यांना चिरा पडल्या, आणि हिवाळ्यात त्या चिरांतून रक्त यायला लागलं. बाळंतिणींची बोलावणी हळूहळू कमी झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त निरोप येईनासे झाले. धनुबाईला ते समजत होतं. पण ती मनाशी एकच गोष्ट धरून होती, लग्न होऊन सासरी गेलेल्या कोकिळाचं पहिलं बाळंतपण. कोकिळा माहेरी येईल, आणि तिच्या बाळाला आपण आपल्या हाताने न्हाऊ घालू. हे ती एकटी असताना पुटपुटायची, आणि फडताळातून मी ऐकायचे.

कोकिळा आली. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत तिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी धनुबाईने मला घासूनपुसून लख्ख केलं, तेल कोमट केलं, नातवाला पायांवर घेतलं आणि त्याच्या छातीवर हात फिरवला.

ते पोर कळवळून रडलं. धनुबाईने हात आणखी हलका केला. ते आणखी रडलं. त्याच्या कोवळ्या छातीवर दोन लाल ओरखडे उठले होते.

"माय, ऱ्हाऊ दे," कोकिळा हळूच म्हणाली. "तुन्हा हात टोची ऱ्हायनात त्याले."

तिने बाळ उचलून घेतलं. धनुबाईचे हात तसेच पुढे राहिले, तेलाने माखलेले. मित्रांनो, तिचा तो चेहरा मला आठवायचा नसतो आणि तोच आठवतो.

दुसऱ्या दिवसापासून बाळाला न्हाऊ घालायला कोण आलं असेल? कौसाबाई! तिचे हात मऊ होते ना. धनुबाई पाणी तापवून द्यायची आणि दारात उभी राहून बघायची.

मग ती इरेला पेटली. बारशापर्यंत हात मऊ झालेच पाहिजेत, म्हणून दिवसातून चार वेळा तेल ओतायची आणि माझ्या बुडाने तळवे खरडायची. दहा वर्षांचं दुखणं तिला सात दिवसांत घालवायचं होतं. मी कठीण धातू, मी काय करणार? चिरा उलट जास्तच फाटल्या. बारशाला तिने नातू मांडीवर घेतला तो हातांवर फडकं गुंडाळून.

शेवटी कोकिळानेच मला आईच्या हातातून काढून घेतलं. रोज दुपारी ती दोन थेंब घ्यायची आणि आईच्या हातांवर नुसता तळवा फिरवायची.

"तुन्ही आजी हाईच सांगे," धनुबाई म्हणाली. "मी आयकं नही."

हातांना थोडा उतार पडला, पण थोडाच. तीन महिन्यांनी जावई कोकिळाला न्यायला आले. गाडीत बसण्याआधी कोकिळाने झोपलेलं बाळ आईपुढे धरलं. धनुबाईने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तिने बाही वर सारली, आणि कोपराच्या आतली, राख आणि ऊन कधी न लागलेली जागा नातवाच्या गालाला टेकवली. बाळ झोपेतच हसलं. गाडी निघून गेली तरी ती कोपर धरून अंगणात उभी होती.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी सगळ्यांना तेल लावत असेल आणि स्वतःचे हात विसरत असेल. आज घरी गेलात की ते हात जरा निरखून बघा. खरखर नुकतीच लागली असेल तेव्हाच रोज दोन थेंब लावा, आणि हळू लावा. ती नको म्हणेल, हसेल, काम आहे म्हणेल. तुम्ही ऐकू नका. धनुबाईजवळ मी इतकी वर्षं होते, तेलाने भरलेली होते, आणि मला सगळं दिसत होतं. पण मला हात नव्हते. तुम्हाला आहेत.