खांब हलला, किनारा वाढला

मित्रांनो, मी किनारा मोजायचा खांब. आता म्हातारा झालो आहे आणि स्वभावाने कडू. ऐकायचं तर ऐका, गोडगोड सांगायला मला जमणार नाही.

पूर्वी मी एका होडीची डोलकाठी होतो. होडी मोडीत निघाली, तेव्हा मोजणीदाराने मला कापून घेतलं, लाल-पांढरे पट्टे रंगवले आणि वाळूत रोवलं. माझ्या मागे पन्नास मीटरवर जाळीवाल्या काकूंचं घर. काकू ओट्यावर बसून फाटकी जाळी सांधायच्या. दरवर्षी मोजणीदार माझ्या बुंध्याला टेप लावायचा, भरतीच्या रेघेपर्यंत जायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पहिला आकडा ऐंशी. कचेरीत माझं केवढं कौतुक! "खांब कसा खणखणीत रोवलाय," असं साहेब म्हणाले होते.

मग शेजारच्या बंदरासाठी समुद्रात लांबलचक दगडी बांध घातला. तुम्हाला वाटत असेल, वाळू एका जागी पडून असते. छे! लाटा तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे ढकलत नेतात. आमची जुनी वाळू पुढे जायची, मागून नवी यायची. बांधाने ती वाट अडवली. पलीकडे वाळूचे ढीग साचले. आमची वाळू मात्र जातच राहिली, नवी काही येईना. ऐंशीचे साठ झाले, साठाचे चाळीस, चाळीसाचे वीस.

तेव्हा मोजणीदार घाबरला. घाबरला तो माझ्यासाठी, कारण मी पडलो तर कचेरीत जाब द्यावा लागला असता. त्याने मला उपटलं आणि सत्तर मीटर मागे, काकूंच्या परसात रोवलं. "वहीत शेरा लिहू का, खांब हलवला म्हणून?" त्याने कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, "नसती उठाठेव कशाला? शेरा दिसला की वही परत येते." वहीत मग एवढंच लिहिलं गेलं: गेल्या वर्षी वीस, यंदा नव्वद.

काकूंनी तोवर अर्जावर अर्ज केले होते. मागणी साधी होती. बांधापलीकडची साचलेली वाळू दरवर्षी ट्रकने आणून इकडे टाकावी. अर्ज जवळजवळ मंजूर झाला होता. अभियंता पाहणीला आला, त्याने वही उघडली आणि हसलाच. "काकू, तुमचा किनारा तर सत्तर मीटर वाढलाय! लोक रडतात आणि तुम्ही नशीबवान."

"अहो साहेब, वाढलाय कसला?" काकू कडाडल्या. "हा मेला खांब माझ्या पुढच्या दारी होता, आता परसात आलाय. त्याला काय पाय फुटले?"

मोजणीदार आपल्या चपलांकडे बघत राहिला. अभियंता म्हणाला, "नोंद आहे ना? मग झालं तर." अर्ज नामंजूर झाला.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण लाकडाचं कोण ऐकतं? त्या संध्याकाळी काकू माझ्यापाशी आल्या. वाटलं, कुऱ्हाड आणतील. त्यांनी नुसता हात टेकला आणि म्हणाल्या, "तुझं बरं आहे बाबा."

पुढच्या वर्षी पंचावन्न. त्याच्या पुढच्या वर्षी भर दुपारच्या भरतीला आधी ओटा गेला, मग पुढची भिंत, मग छप्पर बसलं. काकूंनी जाळ्यांचं एक गाठोडं तेवढं वाचवलं. त्या आता लेकीकडे राहतात. तिथून समुद्र दिसत नाही, आणि त्यांना जाळी सांधायला देणारंही कोणी नाही. याचं मला फार वाईट वाटतं, अगदी लाज वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. माझी निगा काय कमी राखली? काकूंचं घर पडत होतं, तेव्हा कचेरीतून चार माणसं धावत आली. चिखल तुडवत, काकूंच्या अंगावरून, थेट परसात. त्यांनी मला उपटलं, खांद्यावर घेतलं आणि उंचावर नेऊन ठेवलं.